दामाजीच्या गावी कोचीन कोंबडी

मंगळवेढ्याला जाऊन आले असं सांगितलं की शेजारपाजारच्या बायका दोनच प्रश्न विचारतात. दामाजीचं दर्शन झालं का? आणि ज्वारी आणलीत का? मी दर्शनही घेतलं आणि ज्वारीही आणली. पण गेल्या वर्षभरात मी तिथं तीनदा गेले ती एका कोंबडीपायी, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या घरातलेही हसले होते. हसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्यापैकी जिच्या परसात चार कोंबड्या असतील तिच्या उपयोगाचं यात बरंच आहे. आणि नसतील तरी गाव बघितल्याचं समाधान मिळेलच.

सोलापुराहून एस.टी. निघाली की तासाभरात बेगमपूरचा पूल लागतो. खाली भीमा. पलीकडे माचणूर, नदीकाठचं सिद्धेश्वराचं जुनं देऊळ. याच काठावर ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडली होती. एवढा बादशहा चार-पाच वर्षं या रानात तंबू ठोकून बसला, आणि आपल्याला उन्हाळ्यात तिथं दोन तास निघत नाहीत! पूल ओलांडला की मग काळं रान सुरू होतं. जानेवारीत जाल तर दोन्ही बाजूंना ज्वारीच ज्वारी, छातीच्या वर गेलेली, कणसं भरत आलेली. पावसाळ्यात या जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवरच हे पीक उभं राहतं. भाद्रपद-आश्विनात पेरायचं, आणि पुढं थंडीवर आणि दवावर सोपवायचं. या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपण बाजारात ‘मंगळवेढ्याचीच द्या हो’ म्हणतो, त्यावर सरकारी शिक्का बसला म्हणायचं.

गावात शिरल्यावर दामाजीपंतांचं देऊळ. दुष्काळात बादशाही कोठार फोडून लोकांच्या पदरात धान्य घालणारा हा अंमलदार, आणि त्याच्यासाठी विठू महार होऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरून आलेला पांडुरंग, ही कथा तुम्हाला मी काय सांगायची? चोखोबा याच गावाचं कुसू बांधताना दरडीखाली गेले, कान्होपात्रा इथलीच. धान्याचं आणि माणसाच्या मोलाचं गाव आहे हे. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण कोंबडीच्या गोष्टीत दामाजी पुढं येणार आहे.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, त्यांची वस्ती गावापासून कोस-दीड कोसावर आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, कडुनिंबाचं झाड, गोठा, आणि कोपऱ्यात दगड-मातीचं खुराडं. घरात आक्का, त्यांचे यजमान आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाई. मुलं म्हणतात म्हणून आम्हीही त्यांना आजीच म्हणतो. गेल्या पौषात हुरडा खायला म्हणून मी गेले, तर आक्का दारातच म्हणाल्या, “वैनी, बरी येळंला आलीस. परवा आमच्यात बारसं हाय.”

प्रकरण असं, की भाच्यानं सांगलीकडच्या कुणा हौशी माणसाकडून कोचीन जातीच्या कोंबडीची डझनभर अंडी आणली होती. डब्यात भुसा भरून, मांडीवर घेऊन, एस.टी.नं. अशी प्रवास करून आलेली अंडी लगेच कोंबडीखाली घालायची नाहीत. निमुळतं टोक खाली करून एक दिवस सावलीत स्वस्थ ठेवायची आणि मग बसवायची. अंडी आठवड्यापेक्षा शिळीही नसावीत. आक्कांकडे दोन गावठी कोंबड्या तेव्हा खुडूक होत्या. प्रत्येकीच्या पोटाखाली सहा-सहा घातली. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बत्तीसमोर एकेक अंडं धरून बघितलं. ज्यात जीव धरलेला असतो त्यात लाल कोळ्यासारख्या शिरांचं जाळं दिसतं. चार अंडी नुसती कोरी निघाली. ती काढून टाकली. ठेवली असती तर सडून बाकीच्यांचा घात झाला असता.

मी पोचले तो एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्या पहाटे आक्कांनी मला हलवून उठवलं. खुराड्याशी कान लावला तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येत होती! मला अगदी राहवेना. एका अंड्याला टीचभर भोक पडलं होतं आणि दोन तास झाले तरी पिल्लू पुढं सरकत नव्हतं. मी कवच सोलायला हात घातला, तर आक्कांनी मनगटच धरलं. “त्येला त्येच्या बळानं येऊ दे. तू सोललंस तर रगत यील.” खरंच आहे ते. आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटेपर्यंत आणि बलक पोटात ओढला जाईपर्यंत पिल्लाला थांबावंच लागतं. आपण बाळंतिणीच्या खोलीबाहेर घिरट्या घालतो तशा मी घिरट्या घातल्या. दुपारपर्यंत आठातली सहा निघाली. दोन आतच राहिली.

ओली, मळकी, केविलवाणी दिसणारी पिल्लं तासा-दोन तासांत वाळून लोण्याच्या गोळ्यासारखी झाली. आणि मग आक्कांनी एकेकाचे पाय बघितले. कोचीनची ओळख तिथंच पटते. तिच्या पिल्लाच्या पायाच्या नळीवर आणि बाहेरच्या बोटांवर जन्मतःच लव असते, पायमोजे घातल्यासारखी. पाचांचे पाय मोज्यातले होते, एकाचे अगदी उघडे. “ही फसवी,” आक्का म्हणाल्या, आणि तिचं नाव फसवीच पडलं. तेव्हा तुम्ही कुणाकडून अशी अंडी घेणार असाल तर आई-बापाची जोडी डोळ्यांनी बघून घ्या, नुसत्या फोटोवर जाऊ नका.

पहिले चोवीस तास पिल्लांना दाणापाणी काही लागत नाही, पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं. नंतर पहिल्यांदा पाणी. इथं आमच्या हातून एक चूक झाली. बशी खोल होती. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू त्यात बुडून गेलं. तेव्हापासून आक्का बशीत गोटे घालून ठेवतात, चोच जाईल पण पिल्लू जाणार नाही इतकंच पाणी दिसतं. कोंबडी नसेल आणि तुम्ही खोक्यात दिव्याखाली पिल्लं वाढवणार असाल तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायची. उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडतं आहे, सारखी पांगून खात-पीत असतील तर ठीक.

त्या संध्याकाळी शेतात आगटी पेटली. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आजी शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, “काय गं, ह्यी कोचीन म्हंजी केरळातली व्हय?” मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आपल्या कोचीनचा आणि या कोंबडीचा काही संबंध नाही. ही मूळची चीनची. १८४२ च्या तहानं इंग्रजांना शांघायचं बंदर खुलं झालं आणि तिकडून थोराड कोंबड्या जहाजातून विलायतेला जाऊ लागल्या. तेव्हा दक्षिण व्हिएतनामच्या मुलखाला युरोपातले लोक कोचीन-चायना म्हणत. या कोंबड्याही तिथल्याच असा समज झाला आणि चुकीचं नाव कायमचं चिकटलं. व्हिक्टोरिया राणीनं विंडसरला अशा पूर्वेकडच्या कोंबड्या पाळल्या होत्या. मग काय विचारता! राणीनं केलं ते सगळ्यांना हवं. १८५० च्या बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात कोचीन बघायला झुंबड उडाली, लोक एकेका कोंबडीला वेड्यासारखे पैसे मोजू लागले. अमेरिकेतही तेच. १८५५ च्या आसपास हे वारं उतरलं, आणि ज्यांनी घरदार गहाण टाकून कोंबड्या घेतल्या ते हात चोळत बसले.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती मोठी हुती?”

कोंबडा पाच किलोच्या आसपास, कोंबडी चारेक किलोची, मी म्हटलं. आपली गावठी सव्वा-दीड किलोची, म्हणजे तिच्या तीन.

“आन् खाती किती?”

इथं आक्का गप्प बसल्या. मोठं झालेलं एक जनावर दिवसाला दीडशे ग्रॅम तरी खाणार. चार असली तर महिन्याला अठरा किलो. गावठी कोंबडी किडे, पाला, उकिरडा टोकरून आपलं निम्मं पोट बाहेर भरते. ही भारदस्त बाई फार लांब जात नाही. दारात बसून वाढण्याची वाट बघते.

आजींनी कणीस आगटीतून काढलं, चोळलं, फुंकलं, आणि दाणे माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, “भात्तर साली म्या खडी फोडली. पोराला पाटीत निजवून. सुकडी खाल्ली. ज्या रानात माणसाला दाना न्हवता त्या रानातली जवारी मी दिखाव्याच्या कोंबडीला घालू देनार न्हाई. दामाजीच्या गावात ऱ्हातो आपन.”

कुणी काही बोललं नाही. काय बोलणार? माझ्या हातात तो हुरडा तसाच राहिला.

आक्का मात्र मनातून खट्टू झाल्या होत्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाल्या, “वैनी, घरात समदं हाय. पन माझ्या हातात माझं म्हनावं असं काय हाय सांग. अंडी-कोंबडीचा पैसा तेवढा बाईचा.” हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शहरात राहून नोकरी न करणाऱ्या बाईलाही ते कळतं. गावाकडे पिढ्यानुपिढ्या दूधदुभत्याचा हिशेब घरधन्याकडे आणि अंड्यांचा बाईकडे असतो. सणाला बांगड्या, माहेरी जायचं तिकीट, पोरीच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून निघतं.

सकाळी त्यांनी स्वतःच तोड काढली. कोठीतल्या ज्वारीला हात लावायचा नाही. खळ्यावर मातीत मिसळलेले दाणे, जात्याखालची आणि गिरणीतली कणी, किडकं धान्य, एवढंच घ्यायचं, आणि पेंड अंड्यांच्या पैशातून विकत आणायची. आजींनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण बघा, या तंट्यातून पिल्लांचं भलंच झालं. नुसत्या ज्वारीवर मोठ्या जातीचं पिल्लू वाढत नाही. ज्वारीत प्रथिनं शेकडा दहाच्या आसपास, आणि लहान पिल्लांना लागतात शेकडा वीस. आक्का ज्वारीच्या कण्यांच्या भरडीत शेंगदाण्याची पेंड आणि वाळलेल्या मासळीचा चुरा घालू लागल्या, शिवाय कोरी निघालेली गावठी अंडी उकडून, बारीक करून. पेंड घेताना हुंगून घ्यावी. कुबट वास किंवा बुरशी असेल तर ती फुकट मिळाली तरी आणू नये, पिल्लांचं यकृत त्यानं खराब होतं.

आणखी एक गोष्ट आक्कांनी केली तिचं मला फार कौतुक वाटलं. मानमोडीची लस. गावठी कोंबड्या पावसापुढं किंवा उन्हाळ्यात पटापट माना टाकतात ती ही मानमोडी. डॉक्टरलोक तिला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात ती १९२७ साली कुमाऊंच्या राणीखेतला प्रथम ओळखली गेली. सातव्या दिवशी लासोटा लशीचा एकेक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचणी. पण या लशीची कुपी असते शंभर कोंबड्यांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी कोण फोडणार? आक्कांनी आदल्या संध्याकाळी आसपासच्या सात-आठ वस्त्यांवर निरोप धाडला. सकाळी जनावरांच्या दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणली आणि निंबाखाली बायकांची ही रांग लागली! कुणाच्या डालग्यात कोंबडी, कुणाच्या पदरात पिल्लं. उद्योग दहाच मिनिटांचा, पण गप्पांना दुपार झाली. तुमच्या वाडीत, कॉलनीत कोंबड्या असतील तर असंच करा. एकटीनं करणं महाग पडतं आणि म्हणून कुणीच करत नाही.

चैत्रात माझं जाणं झालं नाही. वैशाखात गेले, म्हणजे मे महिन्यात. तेव्हाचं मंगळवेढं बघून मला ते पौषातलं गाव हे नव्हेच असं वाटलं. ज्वारी निघून गेलेली, कडब्याच्या गंजी तेवढ्या उभ्या, आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. पारा बेचाळीसवर. एस.टी.च्या खिडकीची दांडी धरवत नव्हती.

पिल्लं चार महिन्यांची झाली होती. दोन तलंगा, दोन कोंबडे आणि ती फसवी. काय रूप होतं म्हणून सांगू! पिवळसर सोनेरी पिसं, त्याखाली कापसासारखी दाट मऊ लव, गोल गरगरीत अंग, पायांवर पिसांचा घोळ. चालायला लागली की नऊवारीतली जाड बाई ओचा सावरत चालल्यासारखी वाटे. आणि स्वभाव गरीब. मोठा कोंबडा तर माझ्या भाचीच्या मांडीवर येऊन बसायचा. पण ती गोधडी उन्हाळ्यात उतरवून ठेवता येत नाही ना! कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते, तेवढीच तिची सोय. गावठी कोंबड्या सावलीत धूळ अंगावर घेऊन निवांत पडल्या होत्या. फसवी त्यांच्यातच होती. या चार मात्र पंख पाडून, चोच उघडून धापा टाकत होत्या.

त्या दिवशी गावात जवळच्यातलं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. खुराडं बंद केलं होतं, कुत्र्यांचं भय म्हणून. दारं दगडी, वर पत्रा. तीनला परत आलो तेव्हा मोठा कोंबडा आडवा पडलेला होता. भाचीनं त्याला उचललं आणि ती ओरडलीच. गेला होता. बाकीच्या तिघी-चौघीही घटकेच्या सोबती दिसत होत्या.

आणि आजी, ज्या लग्नाला आल्या नव्हत्या, पडवीत निजल्या होत्या, त्या काठी टेकत उठल्या. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, म्हणून खुराड्यातली फडफड कळलीच नव्हती. काही न बोलता त्यांनी कोंबड्या बाहेर काढायला लावल्या. घरात रांजणाचं कट्टं आहे, पाणी झिरपून खालची माती कायम ओली असते, तिथं एकेकीला नेऊन बसवलं. गोणपाट भिजवून वर आडवं बांधलं. पाय तेवढे पाण्यात बुडवले, अंगावर एकदम गार पाणी ओतू दिलं नाही. थोड्या वेळानं चोचीनं पाणी प्यायला लागल्या तेव्हा आजी तिथंच भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, “पत्र्याखाली माणूस तरी जगंल का? येवढं शिकल्याली तुमी!”

त्या कोंबड्याला कडुनिंबाखाली पुरलं. आक्कांनी त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. मीही त्यांना काही समजावलं नाही. लग्नाला जायच्या गडबडीत दार लावणारी मीच होते.

मैत्रिणींनो, म्हणून सांगते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा कडक उन्हाळ्याच्या भागात ही जात पाळायची तर आधी सावली बघा आणि मग कोंबडी. पत्र्यावर कडब्याच्या किंवा पाचटाच्या पेंढ्या टाका, भिंतीला जाळीची खिडकी ठेवा, दाणा पहाटे आणि सूर्य उतरल्यावर द्या, दुपारी नको, कारण खाल्लेलं पचवताना अंग आणखी तापतं. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून तीनदा बदलून. आणि दुपारी घरात कुणीतरी लक्ष ठेवणारं माणूस हवं. ते नसेल तर ही हौस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लॅटच्या गॅलरीत तर मुळीच नको. तिथं तिचे हालच होतील.

पावसाळ्याचं मला फोनवरच कळलं. उन्हातून वाचलेल्या कोंबड्यांना काळ्या चिखलानं घेरलं. पायाच्या पिसांत चिकणमातीचे लाडू होत, वाळून दगड बनत आणि पिसं ओढली जाऊन रक्त येई. आक्का रोज संध्याकाळी कोमट पाण्यात त्यांचे पाय भिजवून लाडू सोडवत. शेवटी खुराड्यापुढं दोन पाट्या मुरूम ओतून घेतला तेव्हा ते थांबलं. झोपायची दांडीही त्यांनी खाली आणली, जमिनीपासून वीतभरच. जड जनावर उंचावरून उडी मारतं आणि तळपायाला गळू होतं.

गणपती झाले, नवरात्र आलं, तरी तलंगांनी अंडं दिलं नव्हतं. गावठी पाच-सहा महिन्यांत घालायला लागते, ही सात-आठ महिने लावते. दसऱ्याच्या आसपास पहिलं अंडं आलं. एवढ्या अंगाची बाई आणि अंडं बेताचंच, फिकट तपकिरी! आजी हसल्या म्हणे.

आता जोड लावायची. पण उरलेला कोंबडा या दोघींचा सख्खा भाऊ. एकाच घरातली जोड लावली की पुढची पिल्लं कमजोर निघतात आणि अंडी कोरी जातात. आक्कांनी सांगोल्याकडच्या एका हौशी माणसाशी कोंबड्याची अदलाबदल केली. तरी सुरुवातीची बरीच अंडी कोरीच. भाच्यानं कुठून तरी शोधून काढलं की या जातीत शेपटीखालची लव इतकी दाट असते की जोड नीट लागतच नाही. मग नर-मादी दोघांचीही तिथली पिसं कात्रीनं कातरली, आणि पुढच्या अंड्यांत जीव धरला. लाजू नका, हे सांगायलाच हवं. इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही आणि माणसं कोंबडीला वांझ ठरवून मोकळी होतात!

या माघात मी तिसऱ्यांदा गेले. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तोच दरवळ. दारात आक्का नव्हत्या. त्या खुराड्याशी बसून वहीत काही लिहीत होत्या. भाचीची जुनी शाळेची वही, तिच्या मागच्या पानांवर हिशेब. मी डोकावले. खुराड्यात थोरली कोचीन पसरून बसली होती. पसरून म्हणजे किती? चांगली परातीएवढी. आणि तिच्या पिसांतून इकडून एक, तिकडून एक डोकं बाहेर येत होतं. काळी, तांबडी, ठिपक्याची. सगळी गावठी पिल्लं!

त्याचं असं झालं. थोरली मार्गशीर्षात खुडूक झाली. आक्कांनी तिच्याखाली तिची स्वतःची चार आणि गावठीची बारा अशी सोळा अंडी घातली. गावठी कोंबडीला आठ-दहाच्या वर झाकता येत नाहीत. हिनं सोळाही झाकली. दोन अंडी तिच्या वजनानं फुटली, पातळ कवचाची होती ती. तिच्या स्वतःच्या चारांतून दोन निघाली आणि गावठीतून नऊ. दिवसातून एकदा, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उठायची, दाणापाणी करायची आणि पुन्हा बसायची. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत एकही पिल्लू गारठून गेलं नाही. खुडूकपणा हा कोचीनचा दोष मानतात, खुडूक असेपर्यंत अंडी बंद होतात म्हणून. आक्कांनी त्याचंच काम करून घेतलं. आता आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका अंडी घेऊन येतात, ‘बसवून द्या’ म्हणतात. निघालेल्या पिल्लांत तिसरा वाटा आक्कांचा. वहीत तेच चाललं होतं.

“मोठी करून इकायची न्हाईत का कोचीनची?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“दोन हायेत की. बघू उनाळ्यात कशी टिकत्यात. त्येच्या आदी पत्र्यावर पाचट टाकून घेतलंय.” आक्का म्हणाल्या. “अठरा किलोचं भ्या वाटतं वैनी. चारच्या वर ठेवायची न्हाईत असं ठरीवलंय.”

संध्याकाळी हुरडा झाला. आजींना आता आगटीपर्यंत चालवत नाही, म्हणून आम्ही कणसं पडवीत आणली. त्यांनी एक कणीस चोळलं, फुंकलं. मूठभर हिरवे दाणे हातावर घेतले, कोठीतले नव्हेत, हे उभ्या पिकातले. आणि खुराड्याच्या दारात वाकून त्या मोठ्या कोंबडीच्या चोचीपुढं हात धरला. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी आक्कांकडे.

आजींना आमचं बघणं कळलं असावं. मान न वळवता म्हणाल्या, “बाळतीन हाय ती.”

कोंबडीनं दोन दाणे उचलले, जमिनीवर टाकले, आणि क्लक क्लक करून पिल्लांना बोलावलं. अकराच्या अकरा पिल्लं तिच्या पोटाखालून धावत बाहेर आली.